शेवटचा रकाना

फॉर्मवर बारा रकाने होते.
पानशेतच्या मागं, गाडीरस्ता संपतो तिथून
तासभर चढून मी झापावर पोचलो
तेव्हा पेन घामानं बोटांतून निसटत होतं
आणि चिमाबाई मरगळे दूध गाळत होती.

नाव? खंड्या.
रंग? 'दिसतोय की.'
मी लिहिलं : राखाडी, गळ्याखाली पांढरा,
डाव्या कानाचा तुकडा नाही.
'त्यो कान लिहू नगंस,' ती म्हणाली,
'आईनं सबंध दिला व्हता. डुकरानं नेला.'

उंचीसाठी टेप काढली.
खंड्या उभा राहीना.
माझ्याभोवती एक फेरी,
मग दुसरी, आधीपेक्षा लहान,
तिसरीत त्याचा श्वास माझ्या पोटरीला लागला
आणि मी, पशुधन पर्यवेक्षक, सेवाज्येष्ठता एकोणीस वर्षं,
सरकत सरकत
म्हशींच्यात जाऊन उभा.
बाई हसली नाही. म्हणाली,
'सुटं कुणी ऱ्हायलेलं त्याला खपत न्हाई.'

तिथूनच, एका म्हशीच्या पाठीवर कागद ठेवून
मी बारावा रकाना वाचला :
जातीची ओळख पटविणारी लक्षणे.

'म्हशीला चावायचं तर खुराच्या वर, घोट्याच्या खाली.
चार बोटं जागा.
त्याच्या वर दात लागला
तर ते कुत्रं आमचं न्हवं.
मग शेपूट वाकडं असू दे न्हाईतर सरळ.'

लिहिलं.

'बिबट्या आला तर भुकत न्हाई.
आत येतं, पायाला अंग लावून उभं ऱ्हातं.
मग आपुन समजायचं.'

लिहिलं.

'आन् नाचणी निसवली की डुकरं.
डुकराला धरायचं न्हाई. धरणारं कुत्रं एका पावसाळ्याचं.
ह्ये तोंडाफुडं हातभर लांब नाचतं,
त्याला फिरू देत न्हाई, बसू देत न्हाई,
माणूस काठी घेऊन येईस्तवर.'

'आणि माणूस आलाच नाही तर?'

तिनं किटलीचं झाकण लावलं, वर दगड ठेवला.
'ह्याच्या बापाच्या वक्ताला आमी लग्नाला गेल्तो, दापसऱ्याला.
दुसऱ्या दिशी दुपारी परत आलो.
डुक्कर तितंच. कुत्रं बी तितंच.
डुक्कर उभं व्हतं.'

एवढं बोलून ती पाण्याला गेली.
कुत्र्याचं काय झालं
ते मी विचारलं नाही, फॉर्ममध्येही नव्हतं.

सोमवारी औंधच्या कार्यालयात
मी पाठपोट साडेतीन पानं समोर घेऊन बसलो.
संगणकावर जातींची यादी उघडते, पाच नावं,
आणि सगळ्यांत खाली एक शब्द : अवर्णित.
'तेच टाका आणि मोकळे व्हा,' जोगदंडसाहेब म्हणाले.
शेऱ्याला चाळीस अक्षरांची जागा होती.
मी 'चावतो, पण चार बोटांत' असं टाकून पाहिलं.
पटलावर लाल चौकट आली :
कृपया वैध लक्षण भरा.

उंचीचा रकानाही कोराच होता.
तिथं मी अंदाजानं एकवीस इंच लिहिलं.
ते लगेच स्वीकारलं गेलं.

रात्री साडेअकराला म्हात्रे पुलावर
नेहमीची चार कुत्री स्कूटरमागं लागली.
तिघं भुंकत होती, ती मागं पडली.
चौथं बोलत नव्हतं.
मागच्या चाकाच्या जरा पुढं, डाव्या अंगाला,
माझ्या पायाकडं पाहत धावत होतं.

रोज मी पाय वर घेतो.
काल वेग कमी केला,
पाय होता तिथंच ठेवला,
आणि पुलाच्या पिवळ्या दिव्यात खाली वाकून पाहिलं,
कुठं लागतोय दात :
घोट्याच्या वर
की खाली.